आगुंब्याच्या अरण्यांत केव्हां जावें ?

आपल्याकडील कुटुंबांत प्रवासास कोठें जावयाचें याविषयीं पुष्कळ खल होतो. केव्हां जावयाचें हें मात्र कोणी ठरवीत नाहीं, तें शाळा ठरविते. दिवाळीची सुटी लागली कीं तिकिटें काढावयाचीं, आणि मे महिना उजाडला कीं पुन्हां निघावयाचें, हा परिपाठ घरोघरीं चालत आला आहे. काशी, रामेश्वर यांस हा परिपाठ मानवतो. कारण देऊळ बारा महिने देऊळच असतें. अरण्याची गोष्ट निराळी आहे. आणि त्यांतहि ज्यास पर्जन्यारण्य म्हणतात, त्या घनदाट, सदाहरित अरण्याची गोष्ट तर फारच निराळी. तेथें मृगांत जाऊन आलेला मनुष्य आणि मार्गशीर्षांत जाऊन आलेला मनुष्य एकत्र बसून बोलूं लागले, तर ते एकाच ठिकाणीं जाऊन आले आहेत, हें ऐकणारास खरें वाटणार नाहीं.

गेल्या कांहीं वर्षांत घरच्या मंडळींसह आगुंब्यास तीन निरनिराळ्या ऋतूंत राहण्याचा योग आम्हांस आला. बरोबर मातुःश्री, दादा, वहिनी आणि त्यांचीं दोन मुलें होतीं. म्हणजे सत्तरीपासून नऊ वर्षांपर्यंत सर्व वयांचीं माणसें. पायीं अरण्य पाहण्याची हौस हल्लीं वाढत आहे व ती स्तुत्यहि आहे. परंतु अशा मिश्र मंडळींस घेऊन निघणाऱ्या गृहस्थानें वेळेचा विचार आधीं केला पाहिजे, असें वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहों.

आगुंबें हें कर्नाटकांतील शिवमोग्गा जिल्ह्याच्या तीर्थहळ्ळी तालुक्यांतील लहानसें गांव आहे. कोंकण रेल्वेनें उडुपीस उतरावें आणि हेब्रीवरून सुमारें ५५ किलोमीटर पूर्वेस जावें. सोमेश्वरापाशीं सपाटी संपते आणि १४ आवळ वळणांचा घाट लागतो; त्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारें ६५० मीटर उंचीवर, हें गांव वसलें आहे. समुद्रावरून येणारे ढग सह्याद्रीच्या या उभ्या भिंतीवर येऊन आदळतात आणि सारें ओझें येथेंच उतरवितात. वर्षाकांठीं सरासरी सुमारें ७,६०० मिलिमीटर पाऊस! पुण्याच्या दहा वर्षांचा पाऊस येथें एका वर्षांत पडतो, म्हटलें म्हणजे कल्पना येईल. 'दक्षिणेची चेरापुंजी' हें नांव या गांवास त्यामुळेंच मिळालें. आपल्या सावंतवाडीकडील आंबोली ज्यांनीं पाहिली आहे, त्यांनीं आगुंबें ही तिचीच थोरली बहीण समजावी. २०१२ सालीं युनेस्कोनें पश्चिम घाटाच्या ज्या भागांस जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत आगुंब्याचें राखीव अरण्य आणि घाटाखालचें सोमेश्वर अभयारण्य यांचा समावेश आहे.

पर्जन्यारण्य म्हटलें कीं मलाया, बोर्निओ, कांगो हीं नांवें डोळ्यांपुढें येतात, आणि तेथें बारा महिने पाऊस पडतो असें आपण भूगोलांत वाचलेलें असतें. सिंगापूरचें उदाहरण घ्या. तेथील वार्षिक पाऊस व मुंबईचा वार्षिक पाऊस यांत फारसें अंतर नाहीं. दोन्हीकडे तो दोन-अडीच हजार मिलिमीटरांच्या आंतबाहेर असतो. परंतु सिंगापुरास तो वर्षभर वांटून पडतो, कोरडा म्हणावा असा महिनाच नाहीं. मुंबईस तो चार महिने कोसळतो आणि मग पाठ फिरवितो. आगुंब्याचा पाऊस मुंबईच्या रीतीचा आहे, मात्र तिच्या तिप्पट. एकट्या जुलैंत २,००० मिलिमीटरांहून अधिक पडणारा हा पाऊस जानेवारी-फेब्रुवारींत जवळजवळ नाहींसा होतो.

मग हें अरण्य उन्हाळ्यांत हिरवें राहतें कसें? चार महिन्यांची मिळकत बारा महिने पुरविणारी गृहिणी जसें घर चालविते, तसें हें अरण्य पाणी चालवितें. उंच झाडांचे शेंडे एकमेकांत गुंतून वर छप्परच झालेलें असतें, त्यामुळें ऊन भुईपर्यंत पोंचत नाहीं. खालीं कुजक्या पानांचा जाड थर ओल धरून ठेवतो. पहांटेचें धुकें व दंव पानांवर उतरतें. आणि जमिनींत मुरलेल्या पाण्यावर कित्येक ओढे उन्हाळ्यांतहि बारीक कां होईना, वाहत राहतात. सिंगापुराकडच्या अरण्यांत एका महिन्यांत आणि दुसऱ्यांत जो फरक पडतो, तो त्या मानानें सौम्य असतो. येथें ऋतु पालटला कीं अरण्यच पालटतें. म्हणून 'केव्हां' या प्रश्नास सह्याद्रींत विशेष महत्त्व आहे.

आम्ही ज्या सुपारीच्या बागाइतदारांकडे उतरत असूं, त्यांच्या घरीं एक वृद्ध अज्जी आहेत. आमच्या वहिनींचें माहेर धारवाडचें. त्यामुळें कानडीची अडचण पडली नाहीं. आम्हीं जून-जुलै म्हणून विचारावें, वहिनींनीं तें कानडींत सांगावें, आणि अज्जींनीं नक्षत्रांत उत्तर द्यावें, असा प्रकार पहिल्या दिवसापासून सुरू झाला. त्यांची मृगशिरा, आर्द्रा, पुनर्वसु, पुष्य, आश्लेषा, मघा ही पावसाची जंत्री आपल्या कोंकणांतील शेतकऱ्याच्या जंत्रीहून वेगळी नाहीं. भाषा बदलली तरी आभाळ तेंच आहे, हें ऐकून मातुःश्रींस फार समाधान वाटलें. त्या दोघी मग दुभाष्यावांचूनच नक्षत्रें मोजीत बसूं लागल्या. पुढील विवेचनांत आम्हीहि तीच जंत्री घेतों.

प्रथम मृगापासून उत्तरेपर्यंतचा काळ. पर्जन्यारण्याचें खरें रूप हेंच, यांत शंका नाहीं. जूनच्या पहिल्या आठवड्यांत पावसाची धार लागते, आणि मग दिवसचे दिवस सूर्यदर्शन होत नाहीं. धुकें घरांत शिरतें. कपडे वाळत नाहींत. चार हातांवर उभा असलेला माणूस दिसत नाहीं, त्याचा आवाज तेवढा येतो. शीळकरी कस्तूर पक्षी पहांटे ओढ्याकांठीं शीळ घालतो, ती एखादा रिकामटेकडा मुलगा शीळ घालीत चालला आहे, अशी माणसासारखी लागते. मलबारी उडता बेडूक पाण्यावर लोंबणाऱ्या पानांत फेंसाचें घरटें करून अंडीं घालतो. पिलें बाहेर पडतांच खालच्या डबक्यांत टपटप पडतात. कुजक्या लांकडावरील कांहीं बुरशी काळोख्या रात्रीं मंद हिरवट प्रकाशतात. भीमाशंकराच्या रानांत हा चमत्कार ज्यांनीं पाहिला आहे, त्यांस त्याचें वर्णन करून सांगावयास नको.

परंतु या काळांत रानांत पायीं हिंडावें काय? कुटुंबवत्सल माणसानें हिंडूं नये, असें आमचें स्पष्ट मत आहे. जळवांचें भय लोक फार बाळगतात, पण तें खरें भय नव्हे. जळू चावलेली कळतहि नाहीं; तिच्या लाळेनें रक्त गोठत नाहीं, म्हणून ती सुटल्यावरहि जखम कांहीं वेळ वाहते, इतकेंच. तिला ओढून तोडूं नये. नखानें तिचें तोंड बाजूस सारावें, जागा धुवावी, आणि वर स्वच्छ फडकें दाबून धरावें. आमच्या पुतण्यास पहिल्या जळूनें रडविलें आणि पांचवीपर्यंत तो हिशेब ठेवूं लागला. खरें भय डोंगराच्या उताराचें व पाण्याचें. वरच्या खोऱ्यांत पाऊस झाला म्हणजे घोटाभर ओढा पाहतां पाहतां कमरेइतका होतो. १९ जुलै २०२३ च्या रात्रीं रायगड जिल्ह्यांतील इर्शाळवाडी दरडीखालीं गेली. १६ जुलै २०२४ रोजीं अंकोल्याजवळ शिरूर येथें हमरस्त्यावरच डोंगर उतरला, आणि गोव्याकडून उडुपीकडे जाणारा रस्ता हाच आहे. दोन्ही ठिकाणीं पुष्यापूर्वीच्या संततधारेनें भिजून जड झालेली माती खालीं आली. हवामानखात्याचा नारिंगी किंवा तांबडा इशारा असतां जो मनुष्य मुलांबाळांस घेऊन घाट चढतो, त्यास आम्ही धाडसी म्हणणार नाहीं.

ज्यांस हें रूप पाहावयाचेंच असेल, त्यांनीं मृगाच्या आरंभीं जावें, गांवांत ऐसपैस ओसरीचें घर गांठावें, आणि ओसरीवर बसून पाऊस पाहावा. आम्ही असे पांच दिवस राहिलों. इरलीं घेतलेलीं माणसें शेताकडे जात-येत होतीं. मुलें पागोळ्या मोजीत होतीं. मातुःश्रींनीं जपाच्या किती माळा ओढल्या याची गणती नाहीं. रानांत आम्ही फार तर शंभर पावलें गेलों असूं, तरी त्या पांच दिवसांत अरण्य आम्हांस जितकें कळलें, तितकें पुढें मैलोगणती चालूनहि कळलें नाहीं.

हस्ताचा पाऊस गडगडाट करून ओसरला म्हणजे दुसरा काळ लागतो. आश्विन-कार्तिकांत धबधबे भरलेले, आकाश धुतलेलें, फुलपांखरांचा सुकाळ. आगुंब्याहून शृंगेरी सुमारें ३० किलोमीटर; तेव्हां शारदांबेचें नवरात्र करून अरण्याकडे वळावें, असा बेत पुष्कळांच्या मनांत येतो. बेत चांगला आहे. मात्र दुपारनंतर वीज-पाऊस येण्याचा संभव धरून चालावें, रानांतील वाटा अजून निसरड्या असतात हें ध्यानांत ठेवावें, आणि जळवांनीं रजा घेतली आहे असें समजूं नये. शृंगेरीपासून जवळच किग्गा येथें ऋष्यशृंगाचें देवालय आहे. अंगदेशीं अवर्षण पडलें असतां ज्याच्या आगमनानें पर्जन्यवृष्टि झाली, तोच हा मुनि. पाऊस यावा म्हणून आणि अति झाला तर आवरावा म्हणूनहि लोक येथें प्रार्थना करितात. इतक्या पावसाच्या मुलुखांत पाऊस मागावयास देऊळ कशाला, असें मुलांनीं विचारलें. पण सुपारीच्या बागेस पाऊस वेळेवर लागतो, नुसता पुष्कळ असून भागत नाहीं, हें उत्तर त्यांस तेथील पुजाऱ्यांकडूनच मिळालें.

तिसरा काळ मार्गशीर्ष-पौषाचा. आणि कुटुंबासह पायीं हिंडण्यास हाच सर्वोत्तम, असें आम्ही निःशंकपणें सांगतों. वाटा वाळलेल्या, पण ओढे अजून खळाळते. सकाळीं अंगावर शाल घ्यावी इतकी थंडी, आणि दहाच्या सुमारास धुकें उठलें कीं झाडांच्या राईंतून उन्हाचे कवडसे पडतात. जळवा जवळजवळ दिसत नाहींत. या दिवसांत सूर्यास्ताच्या कड्यावरून, हवा स्वच्छ असल्यास, थेट अरबी समुद्राची रेघ दिसते. पावसाळ्यांत त्याच कड्यावर आपलाच हात आपल्याला दिसत नाहीं. सीता नदी बरकणा येथें सुमारें २६० मीटर खालीं उडी घेते. ती पाहण्यास पाणी आणि दृष्टि दोन्ही लागतात, आणि हीं दोन्ही एकाच वेळीं याच काळांत मिळतात. जुलैंत पाणी असतें तर ढगांमुळें दिसत नाहीं. एप्रिलांत दिसतें तर पाणी उरलेलें नसतें. मातुःश्रींस आम्हीं मोटारीनें कुंदाद्रीच्या टेकडीवर नेलें. तेथें माथ्यावर पार्श्वनाथाचें जैन मंदिर व पाण्याचीं टाकीं असून, खालीं सगळें मलनाड हिरव्या गालिच्यासारखें पसरलेलें दिसतें. सुपारीच्या खोडांवर उडते सरडे पंखासारखें कातडें पसरून या झाडावरून त्या झाडावर झेंपावतात. ते पाहण्यांत मुलांची एक सबंध दुपार गेली. घरोघरीं सुपारी सोलण्याचें, उकळण्याचें आणि वाळविण्याचें काम चाललेलें असतें, व रात्रीं उशीरापर्यंत गप्पा रंगतात.

अडचण एकच, ती शाळेची. दादा या बाबतींत फार कडक. चार दिवस शाळा बुडवून रान पाहणें त्यांस मुळींच पसंत नव्हतें. नाताळच्या सुटींत जाऊं, असा त्यांचा आग्रह. परंतु नाताळच्या सुटींत सारेंच शहर घाट चढतें. २०२४ च्या जानेवारींत प्रजासत्ताकदिनाच्या सुटीस दक्षिण कर्नाटकांतील कुमारपर्वतावर एवढी गर्दी लोटली, कीं सरकारास डोंगरवाटा कांहीं काळ बंद कराव्या लागल्या, आणि पुढें आगाऊ नोंदणीची पद्धत सुरू करावी लागली. रांगेंत उभें राहून पाहिलेलें अरण्य तें अरण्य नव्हे. शेवटीं डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत शनिवार-रविवार धरून जावयाचें ठरलें, आणि मुख्याध्यापकांस पत्र दादांनींच लिहिलें.

माघापासून चैत्रापर्यंत चौथा काळ. पाणी आटत जातें, पण रानांत एक नवीनच शोभा येते. पुष्कळ सदाहरित झाडांस कोंवळी पालवी फुटते, ती हिरवी नसून तांबूस असते; दुरून पाहणारास डोंगरास फुलेंच आलीं आहेत असें वाटतें. याच दिवसांत धनेश पक्ष्याची मादी उंच झाडाच्या ढोलींत शिरून तोंड लिंपून घेते; लहानशी फट राहते, आणि तिच्यांतून नर तिला व पुढें पिलांस फळें भरवितो. तो एक दगावला तर आंतल्या साऱ्या कुटुंबाची धडगत नसते. पक्षी पाहणारांस हा काळ उत्तम. मात्र त्यांनीं ढोलीखालीं गलका करूं नये. वणव्याच्या भीतीनें या दिवसांत वाटा कधीं कधीं बंद ठेवतात, हेंहि ध्यानांत असावें.

उरला वैशाख, म्हणजे आपला मे महिना. हवा दमट, दुपार कोंदट, संध्याकाळीं वळिवाच्या सरी. बागाइतदार सुपारीच्या घडांवर मोरचूद-चुन्याचें मिश्रण फवारण्याच्या घाईंत असतात. कारण पावसापूर्वी तें काम न झालें तर घोंस कुजून गळतात. आणि रानांत त्याहून मोठी गोष्ट चाललेली असते. या अरण्यांत नागराज राहतो. कानडींत त्यास कालिंग म्हणतात. पश्चिम घाटांतील ही जात निराळी आहे असें ठरून २०२४ सालीं तिला ओफिओफॅगस कालिंगा हें शास्त्रीय नांवहि मिळालें. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांनीं २००५ सालीं आगुंब्यास जें संशोधनकेंद्र स्थापिलें, तेथें या सर्पाचा विशेष अभ्यास होतो. साऱ्या सर्पांत घरटें बांधणारा सर्प हा एकच. मादी पावसाच्या तोंडावर शरीराच्या वेटोळ्यांनीं पालापाचोळा ओढून ढीग रचते, त्यांत अंडीं घालते, आणि बरेच दिवस त्यांवर पहारा करिते. ढीग असा रचलेला असतो, कीं मृगाची धार वरून वाहून जाते आणि अंडीं उबेंत राहतात. जुलै-ऑगस्टांत पिलें बाहेर पडतात, तोंवर ती निघून गेलेली असते.

आमची एक खेप याच दिवसांतली होती. मुलांस सुटी, सर्वांचा उत्साह दांडगा. रानांतल्या ओढ्यापर्यंत चालून जावें असा बेत निघाला. तो ऐकून अज्जी वहिनींस म्हणाल्या, "मुली, घरांत बाळंतीण असली म्हणजे पाहुण्याला आपण येऊं नको म्हणत नाहीं. पण तो ओसरीवर बसतो, माजघरांत शिरत नाहीं." वहिनींनीं हें मराठींत सांगितल्यावर दादांनीं पायांत घातलेले बूट काढून ठेवले. त्या खेपेस आम्हीं शृंगेरी, किग्गा, कुंदाद्रि, गांवाभोवतींच्या बागा आणि रातांब्यांचें ताजें सरबत एवढ्यावर समाधान मानलें, आणि तें समाधान अपुरें मुळींच नव्हतें.

जाणारांच्या सोयीसाठीं दोन-चार व्यावहारिक गोष्टी सांगतों. राखीव अरण्यांत जाण्यास वनखात्याची परवानगी लागते. कोणती वाट कोणत्या महिन्यांत उघडी आहे हें निघण्यापूर्वी विचारून घ्यावें, आणि बंद असल्यास चोरवाटेनें जाऊं नये. गांवचा वाटाड्या घेतल्यावांचून घनदाट रानांत पाऊल टाकूं नये. घोट्याच्या वर येणारे बूट, लांब मोजे, काठी, एक कोरड्या कपड्यांचा जोड मेणकापडांत बांधलेला, आणि थोडें जखमेचें औषध एवढें पुरें. चालण्यास सकाळीं लौकर निघावें व तीनच्या आंत घरीं परतावें. पडक्या ओंडक्यावर न पाहतां बसूं नये, आणि पाल्याच्या ढिगास काठीनें डिंवचूं नये; त्याखालीं काय आहे हें वर सांगितलेंच आहे.

सारांश, पर्जन्यारण्यास जाण्याची एकच शुभ वेळ अशी नाहीं. प्रत्येक वेळीं आपण किती आंत जावें, याची मर्यादा मात्र वेगवेगळी आहे. पाऊस पाहावयाचा तर मृग. पाणी पाहावयाचें तर कार्तिक. पक्षी पाहावयाचे तर माघ-फाल्गुन. आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांसह, मुलाबाळांसह मनसोक्त हिंडावयाचें तर मार्गशीर्ष. मे महिन्यावांचून ज्यांस गत्यंतरच नाहीं, त्यांनीं ओसरीवरच बसावें. ओसरीवरूनहि अरण्य पुष्कळ दिसतें. आपल्या सोयीस येईल ती वेळ काढणें हा झाला प्रवास. ज्याच्या घरीं जावयाचें त्याची सोय पाहून जाणें ही झाली पाहुणचाराची रीत. ती आपल्या घरांत आपण मुलांस शिकवितोंच. रानाच्या उंबऱ्यावरहि ती तीच आहे, एवढेंच मुलांस सांगावयाचें आहे.